कल्याणच्या छावणीतली रजा

मी ठाण्याच्या कचेरीत नकला करायच्या कामावर होतो. साहेबांच्या सहीचे हुकूम, अर्जांवरचे शेरे, जमिनींचे उतारे यांच्या स्वच्छ अक्षरात प्रती काढायच्या, एवढंच माझं काम. या कामाला अकरा वर्षं झाली होती, आणि तेवढ्या काळात लग्नाचे चार दिवस सोडले तर मी एकदाही रजा मागितली नव्हती. मी फार कामसू होतो असं नाही. माझे वडील त्याच कचेरीतून पेन्शनीत निघालेले. त्यांनीच शब्द टाकून मला तिथे चिकटवलं होतं. "तिथे माझं नाव आहे," हे त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं होतं की रजेचा अर्ज लिहायचं मनात आलं तरी हात आखडायचा.

घर कल्याणला होतं. आठवडाभर मी ठाण्यात खोपट भागात एका ओळखीच्या कुटुंबाच्या पडवीत पथारी टाकून राहायचो आणि खानावळीत जेवायचो. शनिवारी संध्याकाळच्या गाडीने कल्याणला यायचं, सोमवारी सकाळच्या गाडीने परत जायचं. घरात वडील, आई, वडिलांची विधवा बहीण म्हणजे माझी आत्या, माझी बायको आणि आमची चार वर्षांची मुलगी. वडीलधाऱ्यांच्या देखत नवराबायकोने एकमेकांशी बोलायची आमच्याकडे रीत नव्हती. ती वाढायची, मी जेवायचो. काही हवं असलं तर मी मुलीला सांगायचो, "आईला म्हणावं, ताक आण." मुलगी दोन पावलांवर उभ्या असलेल्या आईला ते सांगायची. रात्री मधल्या घरात आई आणि आत्या झोपायच्या. आमच्या खोलीत आणि त्यांच्यात एक कुडाची भिंत होती. तिथे काय बोलणार? नऊ वर्षांच्या संसारात आम्ही मिळून किती बोललो असू, याचा विचार केला की आज माझी मलाच लाज वाटते.

ते साल गाठीच्या तापाचं, म्हणजे प्लेगचं होतं. मुंबईत माणसं पटापट जात होती आणि ठाण्यातही एकेक आळी ओस पडू लागली होती. कल्याणला गाडी थांबली की उतारूंना फलाटावर रांगेत उभं करत. डॉक्टर नाडी बघायचा, जीभ बघायचा, काखा चाचपायचा. वैशाखातल्या एका शनिवारी मी भर उन्हातून चालत ठाण्याचं स्टेशन गाठलं. डोकं ठणकत होतं. कल्याणला उतरलो तेव्हा डॉक्टरने काखेत काचेची नळी दिली, ती काढून उजेडात धरली आणि म्हणाला, "ताप आहे. बाजूला व्हा."

"उन्हाचा आहे," मी म्हणालो.

"असेल. दहा दिवसांत कळेलच."

तो डॉक्टर आपल्यातलाच, मुंबईत शिकून आलेला तरुण होता. बोलणं उर्मट नव्हतं. दिवसभर हेच बोलून तो थकलेला दिसत होता.

स्टेशनापलीकडच्या मोकळ्या माळावर छावणी उभारली होती. कारवीच्या कुडाच्या, गवताने शाकारलेल्या झोपड्यांच्या रांगा, भोवती बांबूचं कुंपण, दाराशी पोलीस. कुंपणाच्या बाहेर पाच-सहा हातांवर सगळीकडून एक दोर बांधला होता. भेटायला येणाऱ्यांनी त्या दोराच्या अलीकडे पाऊल टाकायचं नाही असा हुकूम होता. एका रांगेत सहा झोपड्या. माझी चौथी. जमिनीवर चुना फासलेला होता आणि औषधाचा उग्र वास नाकातून जाता जात नव्हता. झोपडीच्या दारातून आमच्या आळीतल्या पिंपळाचा शेंडा दिसायचा. पायी गेलो तर पाव तासाचं अंतर. त्या शेंड्याकडे मी पहिल्या दिवशी इतक्या वेळा पाहिलं की शेवटी दाराकडे पाठ करून बसलो.

रविवारी सकाळी वडील आले. दोरापाशी काठी टेकून उभे राहिले. मला वाटलं, ताप कसा आहे ते विचारतील.

"कचेरीत कळवलंस?"

"अजून नाही."

"मग कालपासून केलंस काय?" त्यांनी दौत, टाक आणि कागद बरोबर आणले होते. ते त्यांनी पोलिसाच्या हाती दिले. "आत्ता लिही. मी थांबतो."

मी गुडघ्यावर कागद ठेवून अर्ज लिहिला. आयुष्यातला पहिला रजेचा अर्ज, आणि तोही त्यांच्या देखरेखीखाली. त्यांनी तो वाचला, एका शब्दाची वेलांटी दाखवून दिली आणि घडी करून खिशात घातला. जाताना म्हणाले, "जपून राहा." तेवढं बोलून ते वळले आणि चालू लागले. ते पुन्हा छावणीकडे आले नाहीत. मला तिथे पाहणं त्यांना झेपत नसावं.

छावणीत शिजवलेलं अन्न मिळायचं, पण ते आम्हाला चालणारं नव्हतं. मग घरून डबा कोणी आणायचा हा प्रश्न आला. आईचे गुडघे धरलेले. सोमवारी संध्याकाळी पाहतो तो दोरापाशी आत्या आणि तिच्यामागे पदर सावरत माझी बायको. मुलीला घरीच ठेवलं होतं. डबा पोलिसाने आत दिला. आत्या ठार बहिरी. शिवाय इतकं चालून दमलेली. ती दोरापासून थोडं लांब एका धोंड्यावर बसली आणि जपाची माळ काढून डोळे मिटले.

आम्ही दोघं एकमेकांसमोर उभे राहिलो. मध्ये बांबूचं कुंपण आणि पाच-सहा हातांची मोकळी जमीन. दिवसाउजेडी मी तिच्याकडे असं सरळ कधी पाहिलं नव्हतं. तिच्या डाव्या भुवईत एक जुना व्रण होता. तो मला तेव्हा पहिल्यांदा दिसला.

"बरं वाटतंय का?" ती म्हणाली. आवाज इतका बारीक की मला ओठच दिसले.

"काय?"

"बरं वाटतंय का, म्हटलं!" या वेळी जरा मोठ्याने. आणि आपल्याच आवाजाने ती दचकली, आत्याकडे वळून बघितलं. आत्याची माळ चालूच होती.

"ताप उतरला," मी म्हणालो.

"कणीक संपत आलीय, म्हणून आज भाकरी दिलीय."

"चालेल."

पहिल्या दिवशी एवढंच. पण दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मी आधीच कुंपणाशी जाऊन उभा होतो.

खरं सांगायचं तर ते दिवस मला आवडू लागले होते, आणि ते कुणाला कळू नये असंही वाटत होतं. ताप दुसऱ्याच दिवशी गेला. अंग हलकं झालं. सकाळी उठल्यावर गाडी गाठायची नाही हे शरीराला पटायला दोन दिवस लागले. स्टेशनात शिट्टी झाली की पाय आपोआप हलायचे, मग आठवायचं की आपल्याला कुठेही जायचं नाही, आणि मी कूस बदलून पुन्हा पडायचो. दुपारी छावणीतल्या एकुलत्या एका करंजाच्या झाडाखाली आडवा व्हायचो. वर घारी गोल फिरायच्या. एक घार किती वेळ पंख न हलवता राहते ते मोजत बसायचो. टाक धरून मधल्या बोटाला पडलेला घट्टा चौथ्या-पाचव्या दिवशी मऊ पडला. तो मी अंगठ्याने सारखा चाचपून बघायचो.

पण हे सगळं भीतीच्या झाकणाखाली. सकाळ-संध्याकाळ काखेत नळी लावली जायची आणि डॉक्टर ती उजेडात धरेपर्यंत रांगेतला प्रत्येक माणूस श्वास धरून उभा राहायचा. ज्याची नळी चढलेली निघे त्याला झोळीत घालून पलीकडच्या इस्पितळाच्या तंबूत नेत. तिकडून परत आलेला माणूस मी पाहिला नाही. पहाटे जाग आली की आधी मी स्वतःच्या काखा आणि जांघा दाबून बघायचो. शेजारच्या झोपड्यांतही सगळे तेच करत असणार. कुंपणाला हात लावला तरी पोलीस खेकसायचा. दुपारी उन्हाने तापलेल्या माळावर फिरायला म्हणून निघालो की दीडशे पावलांत बांबू आडवा यायचा. मग उजवीकडे वळायचं, पुन्हा बांबू.

माझ्या शेजारच्या झोपडीत ठाण्याजवळच्या कोलशेतचा एक मिठागरावरचा माणूस होता. चाळिशीचा, काळा, रोड, पण हातापायाने लोखंड. बहिणीला भेटायला कल्याणला आला तेव्हा फलाटावर डॉक्टरला त्याच्या जांघेत गाठ लागली होती. "आवधान हाय वं त्या," तो प्रत्येकाला सांगायचा. मिठात अनवाणी उभं राहून त्याच्या तळपायांना खोल चिरा पडलेल्या, आणि पायाला जखम झाली की जांघेत असं अवधाण, म्हणजे साधी गाठ, येतंच, हे लहान पोरालाही ठाऊक. पण डॉक्टरला धोका पत्करायचा नव्हता.

सुरुवातीला मी त्याच्यापासून लांबच असायचो. आमचं सोवळं होतं, आणि भीतीही होती. तो मात्र स्वतःहून बोलायचा. कुणीतरी कुंपणावरून टाकलेल्या कैऱ्या त्याने वेचून आणल्या होत्या. एक माझ्यापुढे ठेवली आणि कमरेच्या पुरचुंडीतून चिमूटभर मीठ काढून बाजूला ठेवलं. "खावा. मिठाला विटाल नसते." मी खाल्ली. इतकं चवीचं मीठ मी त्याआधी खाल्लं नव्हतं.

माझं बरं चाललं होतं, त्याचं नाही. तो दिवसभर कुंपणाच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात खाडीच्या दिशेला तोंड करून बसायचा. सहाव्या दिवशी माझ्याकडे आला.

"तुमी कारकून ना वं? माजा येक कागद लिवून देशाल?"

"कशाचा?"

"मीठ पिकलाय. राशी घालून शाकारल्या नाय आन आवसेचा उधान आयला, त समदा पान्यान जाल. घरान बायको येकटी हाय. ती किती वडंल? डाक्तरला लिवा, मना चार दिस सोर. मंग पायजे त परत येतू आन बसतू."

मी लिहिलं. चांगलं लिहिलं. माणूस, मिठागर, उधाण, पायाच्या चिरा, सगळं नीट मांडलं. त्याने अंगठा उठवला आणि संध्याकाळच्या तपासणीला अर्ज डॉक्टरच्या हाती दिला.

त्याच संध्याकाळी, म्हणजे गुरुवारी, माझी बायको आली तेव्हा तिचा चेहरा वेगळा होता. मधल्या दोन दिवसांत आम्ही बरंच बोललो होतो. मुलगी बोबडं बोलते ते, आईचे गुडघे, विहिरीचं पाणी. मग मीच विचारलं होतं, "तू दिवसभर करतेस काय गं?" तिने हसून सगळा दिवस सांगितला होता, उठल्यापासून झोपेपर्यंत, आणि शेवटी विचारलं होतं, "आणि तुम्ही?" मी कचेरीचं टेबल, नकला, खानावळ सांगितली. तिला ती खानावळीतली आमटी फार गमतीची वाटली. असं बोलण्याची सवय होत आली होती, दोघांनाही.

गुरुवारी तिने आधी डबा पोलिसाच्या हाती दिला. मग म्हणाली, "बाळाचं सांगायचंय."

आमचा मुलगा. दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात गेला. दहा महिन्यांचा होता. बुधवारी गेला. मला शनिवारी घरी आल्यावर कळलं. उंबऱ्यातच आईने सांगितलं आणि वर म्हणाली, "तिच्यापाशी विषय काढू नकोस, नाहीतर पुन्हा रडत बसेल." मी काढला नाही. त्या शनिवारी नाही, पुढच्या शनिवारी नाही. मग तो काढण्याची वेळच निघून गेली असं मी धरून चाललो.

"त्याची छाती भरली होती, डबा झाला होता," ती म्हणाली. मला ऐकू यावं म्हणून तिला मोठ्याने बोलावं लागत होतं, आणि जे आम्ही बंद खोलीत कुजबुजूनही बोललो नव्हतो ते ती माळावर उभी राहून बोलत होती. "मंगळवारपासून. पोट खपाटीला जायचं श्वास घेताना. बुधवारी सकाळी मी सासूबाईंना म्हटलं, ठाण्याला निरोप धाडा. मामंजी म्हणाले, पोराला ताप आला की कचेरीत निरोप पाठवायचा असतो का? शनिवारी येईलच तो."

मी कुंपणाच्या आणखी जवळ सरकलो. 

"मग दुपारी सगळ्यांचा डोळा लागला. मी त्याला खांद्यावर घेतलं आणि परसदारातून बाहेर पडले. आणि—"

आत्याने माळ आवरली होती. उठून येऊन तिने माझ्या बायकोच्या खांद्याला हात लावला. "चल गं, दिवे लागायची वेळ झाली." मला हातानेच 'येतो' अशी खूण केली. बायको दोनदा वळून बघत गेली. "उद्या सांगते," असं ती म्हणाली की मला तसा भास झाला, सांगता येत नाही.

शुक्रवारी सकाळच्या तपासणीला डॉक्टरने मला बाजूला घेतलं. त्याच्या हातात दोन कागद होते. एक मी लिहिलेला अर्ज, दुसरा ठाण्याहून आलेलं पत्र. आमच्या शिरस्तेदारांनी लिहिलं होतं की या कारकुनावाचून नकलांचं काम तुंबलं आहे, तब्येत बरी असल्यास त्याला मोकळं करावं.

"हा अर्ज तुमच्या हातचा?" डॉक्टर म्हणाला. "अक्षर सुरेख आहे. तुमची नळी सहा दिवस साफ आहे. मी तुम्हाला पास देतो. दहाच्या गाडीने थेट ठाण्याला जा, कामावर रुजू व्हा, रोज तिथल्या दवाखान्यात जाऊन तपासून घ्या. मात्र कल्याण गावात पाऊल टाकायचं नाही."

"आणि हा?" मी मिठागरवाल्याच्या अर्जाकडे बोट केलं.

"त्याची गाठ अजून आहे. त्याला कसं सोडू?"

त्याने खिशातून काढून पुढे केलेल्या पासाकडे मी पाहिलं. दहाची गाडी. संध्याकाळी ती दोरापाशी येणार आणि झोपडी रिकामी बघणार. मी ठाण्यात नकला करत असणार. शनिवारी कल्याणला जाता येणार नाही. पुढे कधी घरी गेलो की पुन्हा तेच, 'आईला म्हणावं, ताक आण.' तिने जे दोन वर्षं पोटात धरलं होतं ते ती पुन्हा कुठे आणि कसं बोलणार होती?

"डॉक्टरसाहेब," मी म्हणालो, "अंगात अजून कणकण वाटते. मंगळवारपर्यंत राहतो."

त्याने माझ्याकडे रोखून बघितलं. कामावर जायला नाखूष असलेला कारकून त्याने पाहिला असेल, पण छावणीतून जायला नाखूष असलेला माणूस बहुधा पाहिला नव्हता. खांदे उडवून त्याने पास परत ठेवून दिला.

मिठागरवाल्याने हे सगळं ऐकलं होतं. तो माझ्यामागोमाग झोपडीपर्यंत आला.

"तुमाला सोरतान, न तुमी जात नाय?"

 त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. त्याला खरोखरच कळत नव्हतं. डॉक्टरने पास पुढे केला तेव्हाच 'मला नको, याच्या अवधाणाकडे पुन्हा एकदा नीट बघा, मी याच्याबद्दल लिहून देतो' असं मी म्हणू शकलो असतो. डॉक्टरने ऐकलं नसतं, बहुतेक. पण ते मला त्या वेळी सुचलंच नाही. सुचलं ते दोन दिवसांनी, आणि तेव्हा काही उपयोग नव्हता.

संध्याकाळी ती लवकर आली. आत्या धोंड्यावर टेकते न टेकते तोच तिने बोलायला सुरुवात केली, जणू वाक्य मध्येच थांबवून ठेवलं होतं.

"मी स्टेशनावर गेले. कुणी ओळखीचं भेटलं नाही. ठाण्याकडे जाणारी गाडी उभी होती. बाळ खांद्यावर धापा टाकत होतं. मी दाराच्या दांडीला हात लावला. आणि मग मनात आलं, ठाण्याला उतरून जायचं कुठे?"

ती थांबली. तिचा श्वास मला ऐकू येत नव्हता, फक्त छाती वरखाली होताना दिसत होती.

"तुम्ही तिथे कुठे राहता ते मला माहीतच नव्हतं. कचेरी कुठे ते माहीत नव्हतं. कुणाला विचारायचं? नाव घेऊन विचारायचं? मी तुमचं नाव कधी घेतलं नव्हतं. मी उभी राहिले. गाडी गेली. घरी आले तेव्हा सगळे झोपलेलेच होते. तिन्हीसांजेला तो गेला. मी अजून कुणाला सांगितलं नाही. गेले असते तर—"

"नसतं काही झालं," मी ओरडलो. ओरडलो म्हणजे मला तसंच बोलता आलं. "ठाण्यातही काही झालं नसतं. डबा होता तो."

"तुम्हाला तरी भेटला असता."

 मी बांबूला दोन्ही हातांनी धरलं. पोलीस खेकसला. मी हात सोडले नाहीत. शेवटी तोच दुसरीकडे गेला. ती रडत नव्हती. आत्याने हाक मारल्यावर ती पदराने तोंड पुसून निघाली आणि दोराच्या कडेकडेने चालत गेली, माझ्याकडे बघत.

शनिवारी सकाळी आमच्या रांगेतल्या पहिल्या झोपडीतला म्हातारा व्यापारी उठला नाही. देशावरून बांगड्या विकायला आलेला, गरीब स्वभावाचा माणूस. डॉक्टरने त्याला पाहिलं आणि बाहेर येऊन आम्हा पाच जणांना सांगितलं, "या रांगेला आजपासून पुन्हा दहा दिवस. आणि या रांगेच्या माणसांना भेटी बंद."

 मिठागरवाल्याने डॉक्टरचे पाय धरले. त्याला दोघांनी ओढून बाजूला केलं. व्यापाऱ्याला झोळीतून नेलं. दुपारी त्याची झोपडी जाळली. ती जळत असताना आम्ही पाच जण एकमेकांपासून लांब लांब उभे राहून बघत होतो, आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे असा बघत होता की पुढचा कोण.

ते दहा दिवस मी सांगू शकत नाही, कारण त्यांत सांगण्यासारखं काही घडलं नाही. डबा दाराशी ठेवला जायचा, पोलीस आत आणायचा. संध्याकाळी लांबवर, दोराच्याही पुष्कळ पलीकडे, दोन बायका उभ्या दिसायच्या. चेहरे दिसायचे नाहीत. एक उभी असायची, दुसरी बसलेली. मी हात वर करायचो. उभी असलेली हात वर करायची. बस. रजेची सगळी चव गेली होती.  'तुम्हाला तरी भेटला असता' हे वाक्य दिवसभर डोक्यात फिरायचं. त्याच्याबरोबर दुसरं एक फिरायचं, की मी स्वतःच्या पायाने इथे राहिलो आहे आणि उद्या माझ्या काखेत गाठ आली तर चार वर्षांच्या पोरीला कोण? त्या दहा दिवसांत मी कुणाशी बोललो नाही. मिठागरवालाही बोलला नाही. अमावस्येच्या दिवशी तो पश्चिमेच्या कोपऱ्यात जाऊन बसला आणि दिवस मावळेपर्यंत हलला नाही.

आमच्यापैकी आणखी कुणाला काही झालं नाही. मंगळवारी आम्हाला सोडलं. अंगावरचे कपडे उकळत्या पाण्यातून काढून ओलेच परत दिले. दाराबाहेर पडल्यावर मी मिठागरवाल्याला म्हणालो, "मीठ वाचलं असेल बहुतेक."

"गेला असल," तो म्हणाला आणि पायांच्या चिरा सांभाळत रुळांच्या कडेने ठाण्याच्या दिशेला चालू लागला. गाडीने जा म्हणून मी त्याला काही बोललो नाही. तो पुन्हा गाडीत बसणार नव्हता, हे त्याच्या पाठीवरून दिसत होतं.

मी घरी गेलो. आईने तुकडा ओवाळून टाकला, मुलगी गळ्यात पडली. वडील म्हणाले, "उद्या सकाळच्या गाडीने जा. शिरस्तेदारांचं दोनदा पत्र आलंय." बायकोने पान वाढलं. ताक ती न मागता घेऊन आली आणि ठेवताना एकदा वर बघितलं. दुसऱ्या दिवशी मी टेबलापाशी बसलो तेव्हा नकलांचा ढीग हनुवटीपर्यंत आला होता, आणि तीन दिवसांत माझ्या बोटाचा घट्टा पुन्हा टणक झाला.

दसऱ्याच्या सुमाराला रोग ओसरला. त्या शनिवारी जेवणं झाल्यावर मी वडिलांना म्हणालो, "मी बिऱ्हाड ठाण्याला नेतो म्हणतो."



"कारण?" वडिलांनी विचारलं.

खरं कारण सांगायचं तर तिचं गुपित फुटणार होतं. "खानावळीचं अन्न सोसत नाही," मी म्हणालो.

"मला एकवीस वर्षं सोसलं."

"मला नाही सोसत." माझा आवाज चढला होता. वडिलांसमोर तो तसा कधी चढला नव्हता. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. वडील बराच वेळ अडकित्त्याने सुपारी कातरत राहिले. शेवटी म्हणाले, "तरुण बाई एकटी नको तिकडे. आत्याला घेऊन जा." आणि उठून गेले.

दिवाळीनंतर आम्ही दोन खोल्या घेतल्या. पहिल्या रविवारी मी तिला आणि मुलीला घेऊन बाहेर पडलो. आमच्यात तेव्हा बायको बरोबर घेऊन फिरायची पद्धत नव्हती, म्हणून ती चार पावलं मागून चालत होती. मी तिला स्टेशन दाखवलं, तिथून कचेरीकडे जाणारा रस्ता, तलाव, खुणेचं एक चिंचेचं झाड, कचेरीचं दार आणि माझी खिडकी. परत येताना तीच पुढे झाली आणि एकदाही न चुकता आम्हाला घरी घेऊन आली.

त्या पासाचं मात्र मी तिला वर्षभर सांगितलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी आत्या झोपली होती. बायको गहू निवडत होती. मी सांगून टाकलं की शुक्रवारी मला सोडत होते आणि मी गेलो नाही. तिला बरं वाटेल अशी माझी समजूत होती.

तिने सूप खाली ठेवलं. "सोडत होते? आणि तुम्ही राहिलात?"

"तू उरलेलं सांगणार होतीस."

"आणि शनिवारी त्या म्हाताऱ्याऐवजी तुम्ही असता तर?" तिच्या आवाजात रडू नव्हतं, संताप होता. "मी ते दहा दिवस कसे काढले ते तुम्हाला माहीत आहे? रोज लांबून बघायचे आणि मोजायचे, पाच उभे आहेत का. एकाला घालवून बसले होते मी. आणि तुम्ही स्वतःला मरणाच्या दारात नेऊन ठेवत होतात, माझ्या गोष्टीपायी?"

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी कचेरीत जायला निघालो तेव्हा उंबऱ्यापर्यंत आली.

"तुम्ही गेला असतात तर मी ते कधीच कुणाला बोलले नसते," ती म्हणाली. "पण तरी तुम्ही जायला हवं होतं."

"हो," मी म्हणालो.

मला उशीर झाला होता. मी भरभर चालत निघालो, आणि कोपऱ्यावरून वळताना मागे पाहिलं तर ती आत गेली नव्हती, मुलीची वेणी घालत दारातच बसली होती.